राजाच्या काचेवर तांबडा गोल

"अगं, पाहुणे पुढच्या रविवारी बघायला येतो म्हणतायत. हो म्हणू का नको, तेवढं आज सांग."

डेन्मार्कमधल्या फ्रेडेन्सबोर्ग गावी, राजवाड्याबाहेर बारीक पावसात विजयश्री रांगेत उभी होती आणि आकुर्डीहून सुमनताई बोलत होत्या. आईचा आवाज असा, की मध्ये फोन नसता तरी चाललं असतं.

"आत जाऊन येते, मग सांगते," म्हणून तिनं फोन ठेवला. पुन्हा काढून पाहिला. छत्री मिटली, उघडली, परत मिटली…

"हो म्हणून टाका की," मागून कुणी मराठीत म्हणालं. "पोहे तरी होतील."

मागं एक उंच, सावळा तरुण. केसांत पावसाचे थेंब, चेहऱ्यावर साळसूदपणा.

"तुम्ही कोण?"

"कुलदीप. चऱ्होलीचा. चाकणला काच कंपनीत हाय, भट्टीवर. उद्या परत चाललोय."

विजयश्रीची छत्री अर्ध्यात थांबली. त्याच कंपनीत ती गाड्यांच्या काचा तपासायची. ओरखडा दिसला की तांबड्या पेन्सिलीनं गोल, खाली सही, आणि काच भंगारात. कंपनीनं दोघांना इथं शिकायला धाडलं होतं, पण वेगवेगळ्या तुकड्यांत. भट्टीवाले तपासणीवाल्यांविषयी काय बोलतात, हे तिला ठाऊक होतं.

"मी आकुर्डीची," एवढं बोलून तिनं पुढचं गिळलं.

आत छतावर इतकी नक्षी होती, की रिकामी जागा सोडल्यास राजा दंड करत असावा.

"आमच्याकडं जमीन विकली की असाच बंगला बांधत्यात," कुलदीप कुजबुजला. "फक्त खांब गुलाबी."

ती हसली, आणि आपण हसलो म्हणून लगेच गंभीर झाली. "भट्टीचं काम जड असेल ना?"

"काम न्हाई. एक तांबडी पेन्सिल हाय, ती जड जाते."

"कोण ती?"

"कुणी बघितलीय? आमची काच तिच्याकडं जाते. आमी न्हाई."

"खडूस असेल."

"लई," तो म्हणाला — पण असा, की जणू कौतुकच.

विजयश्रीनं खिशात हात घातला तर कामावरची तांबडी पेन्सिल लागली. समोर खिडकी होती, खिडकीच्या काचेवर ओरखडे होते… पुढचं हातानं परस्पर केलं. गोल काढला. खाली सही केली.

"इथं मुक्कामी आलेले राजे-राण्या," गाईडबाई नेमक्या तेव्हा वळून सांगू लागल्या, "हिऱ्याच्या टोकानं या काचांवर सही करून…"

त्या थांबल्या. मुळातच गोऱ्या असल्यानं त्यांना पांढरं पडायला फारसा वाव नव्हता.

कुलदीपनं रुमाल काढला. "मेणाची पेन्सिल हाय. निघते," म्हणत त्यानं गोल पुसला. सहीवर मात्र रुमाल रेंगाळला.

बाहेर बागेत आल्यावर तिनंच विषयाला तोंड फोडलं. "बोला. काय शिव्या द्यायच्या त्या द्या."

"आमच्या गोठ्याला एक खिडकी हाय…"

"काय?"

"तिला काच बसवलीय. भंगारातली, साहेबांना विचारून आणलेली. तांबडा गोल हाय तिच्यावर, खाली सही. खिडकी पुसतो, पण… सही सोडून."

"का?"

तो बुटांकडं बघत राहिला. "नकार देताना बी 'श्री'ची वेलांटी इतकी निगुतीनं काढलेली. वाटलं, ही बाई होकार कसा देत असंल… तेवढं एकदा बघायचं होतं."

पाऊस होता तसाच होता. छत्री मिटलेलीच होती, हे दोघांच्याही लक्षात आलं नाही.

फोन वाजला.

"झाला का वाडा बघून? काय सांगू त्यांना?"

"नको म्हणून सांग, आई. मला चऱ्होलीत एक गोठा बघायचाय."

पलीकडं शांतता पसरली. सुमनताईंच्या फोनवर ती पहिल्यांदाच ऐकू येत होती. मग प्रश्न आला,

"म्हशी किती हायेत?"

कुलदीपला सगळं ऐकू गेलं होतं. त्यानं चार बोटं वर केली. मग विजयश्रीकडं बघून, उगीच कमी पडायला नको म्हणून, अंगठाही.