अभिमनने न मारलेली हाक

तापीकाठी भोयांना नाव दुरुस्त करायची तर दोन माणसं लागतात. एक बाहेर, एक आत. चैत्रात पाणी उतरलं की नाव वाळूवर ओढायची, पालथी घालायची, एका कडेला दगडाचा टेका द्यायचा. एकाने त्या फटीतून आत सरकायचं. मग बाहेरच्याने कडेकडेने गोणपाटं सोडून आत मिट्ट काळोख करायचा. जिथून उजेडाची रेघ दिसेल तिथे आतल्याने बोटाने ठोकायचं, आणि त्या आवाजावर कान ठेवून बाहेरच्याने डांबरात बुचकळलेला कापूस ठासायचा. सगळं झालं की आतल्या माणसाला नावाने हाक मारून बाहेर बोलवायचं. हाक मारल्याशिवाय नाव सरळ करायची नाही. का, ते कोणी सांगत नाही. पण भोईवाड्यात हे कोणी चुकवतही नाही.

अभिमन भोयाच्या नावेत आत बसायची ती त्याची बायको, भिकुबाई. अभिमन जुन्या वळणाचा. घरात ‘ऐकस का’ यापलीकडे बायकोला कधी हाक नाही. पण वर्षातून या एका दिवशी त्याला तिचं नाव घ्यावंच लागायचं. “भिके, निंघ बाहेर.” ती मोठी लबाड. ऐकू येऊनही गप्प राहायची, म्हणजे त्याने पुन्हा नाव घ्यावं. तिसऱ्या हाकेला हसत बाहेर यायची, नाकाला डांबर फासलेलं. घाटावरच्या बाया तोंडाला पदर लावायच्या आणि हा गडी कानापर्यंत लाल व्हायचा. मनातून मात्र खूश असायचा, खोटं कशाला बोला.

एक्क्याण्णव सालच्या पौषात भिकुबाई खोकल्याने गेली. मुलगा सुकदेव सुरतेला कापड गिरणीत होता. तो आला, तिची राख तापीत सोडली आणि दिवस झाल्यावर म्हणाला, “आबा, आते तुम्हीन मनासंगे चाला. एकला माणूस नदीमां गया, काही व्हयनं, तर माले कोन सांगी?”

अभिमनने आखाजीपर्यंतची, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंतची सवड मागितली. नदी सोडून सुरतेच्या त्या खोलीत आपण जगणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. शेवटी सुकदेव एवढंच म्हणाला, की नावेत जोडीला कोणी असेल तर खुशाल राहा. एकटे असलात तर आखाजीला येऊन घेऊन जाईन. आता जोडीला कोण येणार? ज्याची त्याची नाव, ज्याचा त्याचा संसार.

तरी त्याने नाव पालथी घातली. शेजारचा वना आत बसायला येतो म्हणाला होता. खानदेशातली भर दुपार. घाटावर काळं कुत्रं नव्हतं. टरबुजांच्या वाड्यांतली माणसं सावलीला गेलेली. वारा पडलेला, आणि तापल्या डांबराचा वास नाकातून हलत नव्हता. वेळ वाचावा म्हणून गोणपाटं आधीच सोडून अभिमन वनाची वाट बघत बसला.

आतून आवाज आला. टक्. जरा थांबून, टक् टक्.

पलीकडून शिरला वाटतं, असं म्हणत अभिमनने कापूस उचलला आणि ठासू लागला.

“वना, जेवीसन ऊना का?”

टक्... टक् टक्. तो पुढे सरकला, तसा आवाजही पुढे सरकला. त्याला स्वतःला माहीत नसलेल्या फटीसुद्धा आतून बरोबर दाखवल्या जात होत्या. मधेच काचेच्या बांगड्या किणकिणल्या आणि त्याचा हात थांबला.

अहो, खरं म्हणजे पहिल्या ठोक्यालाच त्याने ओळखलं होतं. जन्मभर ऐकलेला ठोका तो. फक्त कबूल करायची छाती होत नव्हती. एवढ्या उन्हात त्याला हुडहुडी भरली. पण पळाला नाही. नावेवर तळहात टेकून तो हळूच म्हणाला, “...तूच शे ना?”

ठोकणं थांबलं. मग नेमकं त्याच्या तळहाताखाली, जिथे फट नव्हतीच तिथे, अगदी हलकेच... टक्.

किती वेळ तो तसाच उभा होता, कोण जाणे. वना घाट उतरून आला तेव्हा भानावर आला.

“नाना, उशीर व्हयना. सरक, मी नावना मझार जास.”

“काम व्हयी गयं.”

“एकलानी? मझार कोन व्हतं?”

“कोनी नही.”

“मंग हाक देवानी नही ना?”

नाव अभिमनच्या ओठावर आलं होतं. हाक मारली असती तर ती नेहमीसारखी गप्प राहिली असती, आणि तिसऱ्या हाकेला निघाली असती. पण बाहेर निघून मग गेली कुठे असती? त्याने नाव गिळलं. “नही,” म्हणाला. दोघांनी नाव उलथून सरळ केली. आत फक्त वाळू होती.

आखाजीला सुकदेव आला, बापाची पिशवी भरायच्या तयारीने. सकाळी आईच्या नावाने घागर भरली. संध्याकाळी तो घाटावर जाऊन नावेतल्या बापाला बघून आला आणि जेवायला बसला, तो हसतमुख.

“आबा, तुम्हीन अठेच ऱ्हा. जोडीले माणूस शे, मनी चिंता मिटनी.”

“कोन माणूस?”

“ती नावमां बठेल बाई. वना काकानी घरनी का? उनमां तोंड दिसनं नही, पदर व्हता डोकावर.”

अभिमनचा घास हातातच राहिला. भीती वाटायची ती वाटलीच, पण तिच्या आधी आनंद झाला. सुरत टळली होती. ती आली होती. म्हाताऱ्याचे डोळे भरून आले, ते त्याने रसाच्या वाटीत लपवले.

थोड्या वेळाने सुकदेवने विचारलं, “नाव गळस का हो?”

“थेंब नही.”

“मंग ती बाई ओंजळी का भरत व्हती सारखी?”

“पानी उपसत हुई.”

“उपसत नही, आबा...” सुकदेव आठवून म्हणाला, “नदीनं पानी नावमां टाकत व्हती.”

दुसऱ्या दिवशी सुकदेवला गाडीत बसवून अभिमन घाटावर गेला. वैशाखाच्या उन्हाने नावेच्या फळ्या वाळून खडखडीत झाल्या होत्या. समोरच्या बसायच्या फळीपाशी मात्र ओंजळभर पाणी होतं. त्याने डांबर बोटाने चाचपलं. कुठे भेग नव्हती. अजूनही नाव पालथी घालता आली असती, आणि हाक मारता आली असती. वनाला बोलावलं असतं तर तो धावत आला असता.

नदीत तिला एकटं वाटत असेल, असं त्याच्या मनात आलं. त्याने नाव पाण्यात लोटली, वल्हं घेतलं आणि तिच्यासमोर बसला. पाणी उपसायचा डबा त्याने काठावरच ठेवला होता.