फक्कीवरचा अर्धगोल

"सोडली! बाही पुन्हा सोडली!" कुंपणाबाहेरून केरबा ओरडला.

मैदानात ठिणगी कुत्रीनं झेप घेऊन सलीममामूच्या डाव्या हातावरची जाड बाही पकडली, आणि लगेच सोडून शेपूट पोटाशी घेत मागे सरली.

"भित्री झाली ही!" तिचे मालक शेषेराव चिडले. "उद्या शेवटची संधी. न्हाई धरली तर देगलूरच्या शेतावर साखळीला!"

कुंपणाशी उभी असलेली जेबा सुट्टीसाठी निलंग्याहून मुदखेडला मामूकडे आली होती. मामू एकटाच राहायचा, बोलायचाही कमी. कुत्र्यांना शिकवणाऱ्या क्लबात तो हेल्पर होता. म्हणजे चोर बनायचं आणि बाहीवर कुत्र्यांचे चावे झेलायचे! सराव संपला की सगळे कुत्र्यांना कुरवाळत चहा प्यायचे. मामू मात्र दूर लिंबाखाली बसायचा. हेल्परनं कुत्र्यांशी मैत्री करायची नाही, असा तिथला नियम. माणसांनीही तो नकळत पाळला होता.

"भित्री कुत्री एवढ्या जोरात धावंल का?" केरबासारखीच मामूच्या शेजारी राहणारी उज्वला म्हणाली. "कायतरी घोळ हाय!"

संध्याकाळी शर्ट काढताना मामूनं ओठ घट्ट दाबले. जेबानं ते पाहिलं.

"मामू, खांदा दुखतोय?"

त्यानं उजव्या हातानंच शर्ट खुंटीला टांगला. "कुणाला सांगू नको, बेटा. हे काम गेलं तर मला हाक तरी कोण मारंल?"

सकाळी जेबानं केरबा-उज्वलाला एवढंच सांगितलं, "आज कुत्रीकडं न्हाई, मामूच्या पायांकडं बघायचं." केरबानं मैदान आखायची पांढरी फक्की आणली. मामू उभा राहतो तिथं ती पसरायच्या आधी, मामूचं 'कुणाला सांगू नको' आठवून जेबानं केरबाचा हात धरला. तेवढ्यात पिंजऱ्यातून ठिणगी कण्हली.

"टाक," जेबा म्हणाली.

ठिणगी सुसाट आली. झेप! मामू खांबासारखा ताठ राहिला. ठिणगीच्या मानेला हिसका बसला, ती केकाटली आणि बाही सुटली.

"झालं! गाडीत घाला हिला!" शेषेराव म्हणाले.

"काका, खाली बघा!" केरबा ओरडला. "आधी मामू कुत्र्यासोबत गर्रकन वळायचे. आज पाय हाललेच न्हाईत!"

फक्कीत टाचांचे दोन खोल खड्डे होते. जेबानं मामूकडे पाहिलं.

मामूच पुढे आला. "पोरांचं खरं हाय, मालक. महिना झाला, खांदा दुखतोय, वळता येत न्हाई. सगळा धक्का तिच्या मानेवर जात होता. चूक माझी."

"महिनाभर?" शेषेराव ओशाळले. "आणि आम्ही नुसती कुत्री बघून राहिलो!"

मामूनं बाही उतरवून शेषेरावांच्या मदतनीस रामलिंगला दिली. थोड्या विश्रांतीनंतर ठिणगी पुन्हा धावली.

"वळ! तिच्यासंगं वळ!" मामू ओरडला.

फक्कीवर अर्धगोल उमटला. ठिणगीनं बाही सोडली नाही! रामलिंगनंच ती हातातून सरकवून तिला बक्षीस म्हणून दिली.

"शाब्बास पोरांनो! लई तेज डोळे तुमचे!" शेषेराव म्हणाले. "सलीमभाई, आधी दवाखाना. मग नवे हेल्पर तुम्हीच तयार करायचे."

सवयीनं मामू लिंबाखाली जाऊन बसला. जेबा चहा घेऊन गेली. मागोमाग ठिणगी आली आणि त्याचा रिकामा हात हुंगू लागली. मामूनं घाबरून शेषेरावांकडे पाहिलं.

"आता लावा की हात!" ते हसले.

मामूनं हात पुढे केला, पण कुरवाळायचं कुठं, ते त्याला कळेना. जेबानं तो हात धरला आणि ठिणगीच्या कानामागे ठेवला.