चिंचेने घासलेली कुऱ्हाड

कुणाला पटवत बसायची ताकद माझ्यात उरलेली नाही. वाशिंदच्या कारखान्यात आठ तास उभा राहून घरी येतो. पण हे खरंच घडलंय. गेल्या मार्चमध्ये, खर्डीजवळच्या आमच्या गावात, माझ्या धाकट्या भावाच्या बाबतीत.

लडकू शेताचा बांध खणत होता. पहारीला काहीतरी लागलं.

दांडा नसलेली, हिरवी पडलेली कुऱ्हाड.

शहापूरच्या एका जुन्या वस्तू जमवणाऱ्याला मी फोन केला. तो रविवारी येतो म्हणाला. माणूस बघायला येणार, म्हणून घरातल्या तांब्या-पितळेसारखी मी ती चिंच लावून घासली. लख्ख केली आणि फडक्यात गुंडाळून ट्रंकेत ठेवली.

त्याच संध्याकाळी शेतातून आवाज आला...

खट्... खट्...

भाताचं रोप टाकायच्या आधी जमीन भाजायला आम्ही फांद्या तोडतो, तसा. मी गेलो. माणूस नव्हता. पाखरूही नव्हतं. ऐनाच्या झाडाखाली ताज्या फांद्यांचा ढीग मात्र होता.

घरी येऊन ट्रंक उघडली. कुऱ्हाड फडक्यातच होती.

पात्याला ओला चीक लागला होता...

सकाळी लडकू उठेना. दोन्ही तळहातांना फोड.

"दादा, मी झोपलेलो रे. हातांना हे फोड कशाने आले?"

मग रोज तेच. तिकडे ढीग वाढायचा, इकडे लडकू वाळत चालला. डॉक्टरांनी ताकदीच्या गोळ्या दिल्या. त्याला घास धरवत नव्हता. सुंदरा, त्याची बायको, त्याला भरवायची. मला बघवत नव्हतं.

रविवारी तो माणूस आला. कुऱ्हाड कांस्याची आहे, फार जुनी असणार, म्हणाला. पण हिरवा थर गेला, आता संग्रहात ठेवण्यासारखी राहिली नाही.

"आता ही वापरायची कुऱ्हाड झाली," तो म्हणाला आणि चपला घालून निघाला.

सुंदरा दारातच होती.

"भाऊजी, जिथं गावली तिथंच पुरा. माझा माणूस नाय उरायचा."

पुरली. आवाज थांबला. पंधरा दिवसांत लडकू कामाला लागला. तेव्हा मी खूप रडलो.

यंदा पुन्हा मार्च आलाय. सकाळी अंग उचलत नाही. शिफ्टचा थकवा असेल असं समजत होतो.

परवा स्टेशनवर पास काढून दाखवला, तर टीसी माझ्या हाताकडेच बघत राहिला...

मशीनवर मी हातमोजे घालतो. तरी फोड आलेत.

लडकूला सांगितलेलं नाही. बांध उकरून बघायला हवं. कुऱ्हाड तिथे नसली तर काय, याची भीती वाटते. असली तर जास्तच वाटेल.

रोज म्हणतो, उद्या जाऊ.