तेल खाली उतरेपर्यंत

डिकीत तेलाचे चार डबे होते. तीन रिकामे, एक अर्धा. शिवाय एक नरसाळं, दोन फडकी आणि माझी वही. वहीत अकरा नोंदी होत्या, आणि त्यांचा हिशेब एकच सांगत होता: बाबांची गाडी सहाशे किलोमीटरला एक लिटर इंजिन ऑइल पिते.

ही सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. रसायनशास्त्राची पदवी हातात पडून तीन महिने झाले होते. बाबांची नजर अधू झाल्यापासून गाडी मीच चालवायचे. त्या शनिवारी चढावर आरशात निळा धूर दिसला आणि घाबरून मी समोर आलेल्या पहिल्याच गॅरेजात गाडी घातली.

आतून मेकॅनिक आला. कानामागे पेन्सिल, गालावर ग्रीसचा डाग. तोवर मी बॉनेट उघडून तेल मोजायची पट्टी ओढूनही काढली होती.

"अहो, थांबा! आत्ताच बंद केलंत ना इंजिन?"

"मग?"

"तेल अजून वरच आहे. खाली उतरू द्या. दहा मिनिटं."

मी वहीकडे पाहिलं. अकराही नोंदी गाडी बंद केल्या केल्या घेतलेल्या. "पण सगळ्या सारख्याच घाईने घेतल्यात," मी म्हणाले, "म्हणजे दोन नोंदींमधला फरक तरी बरोबर आहे."

तो माझ्याकडे बघतच राहिला. "कॉलेजात शिकवता?"

"नाही. भांडते."

तो हसला, आणि गालावरचा डाग दुमडला.

त्याने चारही प्लग काढून फडक्यावर ओळीने मांडले. काळे, ओलसर. "गळत नाहीये, जळतंय. व्हॉल्व्हचे सील गेलेत. बदलतो. मग दर शनिवारी आणा, किती कमी होतंय ते बघू."

घरी आईने निकाल आधीच देऊन ठेवला होता. "गाडी कसली, पांढरा हत्ती! महिनाभर बघते. तेल पिणं थांबलं नाही तर भंगारवाल्याला बोलावणार." बाबांची नजर अधू असली तरी घरात बसून, नुसत्या आवाजावरून, गाडी कितव्या गिअरमध्ये आहे हे ते सांगायचे. त्या संध्याकाळी ते फाटकाशी गेले आणि बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले... बराच वेळ.

मग शनिवार सुरू झाले. गॅरेजात कुठल्याशा गाडीची मागची सीट बाकासारखी ठेवलेली होती. इंजिन बंद करायचं आणि त्या सीटवर दहा मिनिटं बसायचं. पहिल्या शनिवारी आमच्या दोघांच्या मध्ये एक बॅटरी होती. दुसऱ्या शनिवारी मी पोचले तेव्हा ती खाली ठेवलेली होती. कुणी ठेवली, मी विचारलं नाही.

"तुम्ही वेळ बघत नाही का?" मी म्हटलं.

"बघतोय की." त्याची नजर माझ्या मनगटावर होती. "तुमच्या घड्याळात."

तिसऱ्या शनिवारी बारीक पाऊस होता, पत्रा वाजत होता. दहा मिनिटं झाली. मी पट्टी काढली, पुसली, पुन्हा घालून काढली. तेल बरोबर वरच्या खुणेला. घट शून्य. आनंद व्हायला हवा होता, पण झाला नाही. गाडी बरी झाली म्हणजे... पुढच्या शनिवारी कशाला यायचं?

तो पाना शोधत होता. मी पट्टी पटकन पुसून टाकली.

"किती?"

"बोटभर कमी."

आयुष्यात पहिल्यांदा मी वहीत खोटा आकडा लिहिला. तोही पेनने. चौथ्या शनिवारी पुन्हा तेच.

मंगळवारी वही आईच्या हाती लागली. "नाहीच ना सुधारली? परवा येतोय भंगारवाला. सांगितलंय मी."

"आवाज तर बरा वाटत होता गं मला," बाबा हळूच म्हणाले. मग स्वतःशीच, "कानही गेले वाटतं."

रात्रभर माझा डोळा लागला नाही. सकाळी उठून थेट गॅरेजात गेले.

"आज बुधवार," मला बघून तो म्हणाला.

"शेवटच्या दोन नोंदी खोट्या आहेत. गाडी तेल पीत नाहीये. उद्या भंगारवाला येतोय आणि... ते खोटं मी लिहिलंय. मी."

तो फडक्याने एकेक बोट पुसत राहिला.

"माहितीये," शेवटी तो म्हणाला. "मागच्या शनिवारी तुम्ही हात धुवायला गेलात, तेव्हा एक प्लग काढून पाहिला. कोरडा, बिस्किटाच्या रंगाचा. तेल जाळणाऱ्या गाडीचा प्लग असा नसतो."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर शनिवार गेला असता ना..."

पाऊस नव्हता. पत्रा एकदम गप्प होता. 

"आईला सांगावं लागेल," मी म्हणाले. "आणि ती विचारणार, का लिहिलंस म्हणून."

"मी येतो बरोबर. प्लग मी दाखवतो." त्याने पाना उचलला. "आणि का, ते... तू सांग."

आईने फाटकातच प्लग हातात घेतला, उलटसुलट केला. मग त्याच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे, जास्त वेळ. मी सगळं सांगितलं, मान खाली घालून.

"एवढी शिकलीस, आणि आकडे खोटे लिहितेस?" ती म्हणाली. मग आत जाता जाता, "भंगारवाल्याला नको म्हणून सांगते. आणि ह्याला आत बोलाव, फाटकात काय उभा करून ठेवलायस!"

"मी म्हटलं नव्हतं, आवाज बरा आहे म्हणून?" बाबा खुर्चीतून उठत म्हणाले.

त्या दोन नोंदी मी गिरगटून झाकल्या नाहीत. त्यांच्यावर एकेक सरळ रेघ मारली आणि शेजारी सही केली. माझ्या सहीखाली त्याने स्वतःची केली, पेन्सिलीने.

वही अजून डिकीतच असते. कालची नोंद माझ्या अक्षरात आहे: शनिवार. इंजिन बंद केलं, पाच वाजून दहा मिनिटं. पट्टी काढली, सहा पंचवीस. तेल वरच्या खुणेला.