वेखंडाचं गाठोडं

"काका, आजोबांची वही कुठाय?" उन्नती ओट्यावरूनच ओरडली.

"कुठली? जन्मभर वह्याच तर जमवल्या त्यांनी!" मितेशकाका घाम पुसत म्हणाले.

चांगदेवआजोबा दिघाशी गावचं घर सोडून भिवंडीत दोन खोल्यांत राहायला निघाले होते. पन्नास वर्षं जमवलेली नाणी, किल्ल्यांचे नकाशे, इतिहासाची पुस्तकं, सगळं काल शाळेला देऊन झालं. स्वतःसाठी त्यांनी एकच वस्तू ठेवली होती: पार्वतीआजीच्या ओव्यांची वही. आजी दळताना गायची, आजोबा लिहायचे. आता आजी नव्हती. आणि सकाळपासून वहीही नव्हती!

आजोबा रिकाम्या फडताळासमोर बसून होते. चहावर साय धरली होती.

"रद्दीचा गठ्ठा न् गठ्ठा उपसला," उन्नतीचा भाऊ भाविक धापा टाकत आला. "नाहीच!"

"वही कशात बांधली होती?" शेजारच्या सफियाने विचारलं.

"तुझ्या अब्बांच्या लूमवरच्या कापडात," भाविक म्हणाला. "आजोबा जपायचं ते त्यातच बांधतात."

सफियाने कपाळावर हात मारला. "मग रद्दीत काय शोधतोस, शहाण्या? कापड चिंदीत जातं! काका, चिंदीवाला आला होता?"

काकांचा चेहरा पडला. "कोपऱ्यात मळकं गाठोडं होतं. वाटलं, चिंध्याच असतील. उघडून न्हाय बघितलं... अय्यूबभाईच्या गोदामात गेलं."

"तिथे चिंध्या मशीनमध्ये पिंजतात!" सफिया किंचाळली. "वहीचा भुगा होईल!"

 

काकांनी गाडी काढली. तिघं मागे चढली.

गोदामात चिंध्यांचे डोंगर, आणि मशीनची धडधड!

"चाचा, मशीन बंद करो! अंदर किताब है!" सफिया ओरडली.

"शिफ्ट चालू है, बेटा!"

"मेरी दादी की आवाज है उसमें!" उन्नतीला रडू फुटलं.

अय्यूबचाचांचा हात बटणाकडे गेला. धडधड थांबली.

पण समोर शेकडो गाठोडी, सगळी सारखीच मळकी!

"वेखंड!" उन्नतीने डोळे पुसले. "कीड लागू नये म्हणून आजोबा वहीसोबत वेखंड ठेवतात. हुंगा!"

"मी काय कुत्रा आहे?" भाविक म्हणाला.

"आजचा दिवस हो!"

कापडाच्या खळीचा वास. तेलाचा वास. भाविकला शिंकांवर शिंका. वेखंड कुठेच नाही! उन्नती मटकन खाली बसली.

तेवढ्यात चिंध्या निवडणाऱ्या चंद्रामावशी म्हणाल्या, "पोरी, इकडं ये. या ढिगातून सकालपासून बालंतिणीच्या खोलीसारखा वास येतो हाय!"

मशीनच्या तोंडाशी, त्या ढिगात अगदी वरच, ते गाठोडं होतं. सफियाने गाठ सोडली. आत वही!

घरी आजोबांनी वही कितीतरी वेळ नुसती छातीशी धरली. काकांनी कान पकडले. "चुकलो, अप्पा."

"ही पोरं नसती तर..." आजोबांनी तिघांना जवळ घेतलं. "शाबास रे बाळांनो! उन्नती, एखादी वाच."

उन्नतीने धान्याच्या कनगीची ओवी वाचली,

"भरली गं कनगी, मूठ मूठ मी वाटली
रिकाम्या कनगीत, चिमनी गाया बसली."

"आता वही मिटा," आजोबा म्हणाले, "आणि पाठ म्हणा. पुन्हा हरवली तर तुमच्याकडून लिहून घेईन."

"सफियाला चाल कुठे येते?" भाविकने चिडवलं.

सफियाने सगळ्यांत मोठ्याने सूर लावला. सामान गेलेल्या त्या घरात तो केवढा घुमला! आजोबांनी गार झालेला चहा उचलला आणि सायीसकट पिऊन टाकला.