पांढऱ्या लडीचे गुण

ओढा नितळ झाला तर कोणाला काय मिळणार, याचा हिशेब मेकलवाडीने आधीच करून ठेवला होता. रंगकारखान्यांच्या मालकांना परवाने मिळणार होते, ओढा साफ करायला आलेल्या शास्त्रज्ञ डॉ. निशिगंधा होनराव यांना नाव मिळणार होतं, आणि पुढाऱ्यांना पाण्यात पाय सोडून फोटो काढता येणार होते. मल्लेशम यन्नमला लेक मिळणार होती. सगळ्यांत लोभी हिशेब त्याचाच. पण सूत रंगवण्यात जन्म काढलेल्या आणि बायको गेल्यापासून भिंतीकडे तोंड करून जेवणाऱ्या रंगमास्तराला लोभी कोण म्हणणार?

लेक पद्मजा लग्नानंतर एकदाच आली होती, तान्ही मुलगी कडेवर घेऊन. घरामागून वाहणारा तांबडा-जांभळा ओढा बघून ती म्हणाली होती, "नाना, याचा तळ दिसेल तेव्हा बोलवा."

तळ दिसला. दिवाळीला आलेली पद्मजा मग राहिलीच. तिची आठ वर्षांची स्निग्धा तर ओढ्यातून जेवायलासुद्धा बाहेर येईना.

हे सगळं मज्जाजालाचं काम. मज्जाजाल म्हणजे मेंदूतल्या जोडण्यांची गणितातली नक्कल. त्याला रसायनशास्त्र येत नाही. त्याच्यापुढे नुसते नमुने ठेवायचे: पाणी एवढं आंबट होतं, एवढं कोमट होतं, जिवाणूंच्या हौदात एवढा वेळ ठेवलं, मग एवढी हवा सोडली, आणि शेवटी त्याला इतके गुण पडले. गुण कमी पडले की जाल आपल्या जोडण्या कुठे सैल करतं, कुठे घट्ट. हजारो नमुने झाले की कारखान्यांतून आलेल्या पाण्याचं काय करावं म्हणजे पैकीच्या पैकी पडतील, हे त्याचं त्यालाच उमजतं. मग पंप आणि झडपा तेच चालवतं.

गुण कसे द्यायचे, यावरून तेवढा वाद झाला होता.

"प्रत्येक नमुन्यात विरघळलेलं काय काय उरलंय ते तपासू," निशिगंधाबाई म्हणाल्या होत्या. "वेळ लागेल, पण तपासू."

"बाई, रंग गेल्यावर पाण्यात काय उरतं? पाणीच की," मल्लेशम म्हणाला, आणि मालक मंडळी हसली. मग त्याने रंगाऱ्यांची पिढीजात परीक्षा करून दाखवली. पांढऱ्या सुताची लड पाण्यात बुडवायची, पिळायची, उन्हात धरायची. लड पांढरीच राहिली तर हौद धुतला गेला. खुशाल पुढचा रंग चढवा. बाईंना घाई होती, मालकांना त्याहून जास्त. मल्लेशमने एकेक लड पिळून जालाला गुण दिले. हात सढळ नव्हता त्याचा. लडीवर नखाएवढा डाग दिसला तरी कापायचा.

शुद्धीकरण केंद्राची देखरेख आता मल्लेशमकडेच होती. होळीच्या सुमारास बाई तिथे आल्या. चहा नको म्हणाल्या.

"मास्तर, जालाने हवेचे पंप बंद ठेवलेत. कधीपासून?"

"दिवाळीच्या आधीपासून. मला वाटलं, वीज वाचवतंय. हुशार आहे."

"हुशार आहेच. बिनहवेच्या हौदात जिवाणू रंगाचा रेणू मधोमध तोडतात. तुटला की रंग दिसत नाही. पण तुकडे पाण्यातच राहतात, आणि ते संपवायला पुढे हवा द्यावी लागते."

"मग द्यायची होती त्याने."

"हवा लागली की त्यातले काही तुकडे तपकिरी होतात. लड मळते. तुम्ही गुण कापले असणार."

कापले होते. वर एक शिवीही हासडली होती.

"त्या तुकड्यांनी काय होतं?" त्याने विचारलं.

"त्यांना अमाइन म्हणतात. काहींनी कर्करोग होतो. आज नाही, उद्या नाही. वर्षानुवर्षांनी."

पूर्वी या ओढ्याला कुत्रंही तोंड लावत नव्हतं. आता बायका हंडे भरून नेत होत्या.

"मग बंद करा ते जाल."

"प्रदूषण मंडळाची बैठक झाल्याशिवाय मला हात लावता येत नाही. काठाला पाट्या लावल्यात."

"नितळ पाण्याशेजारची पाटी कोण वाचतं, बाई?"

घरी पिण्याचं पाणी टँकरचं आणायचं, स्निग्धाला काहीतरी निमित्त काढून काठावरून ओढायचं, आणि पद्मजाला काही सांगायचं नाही. बाकीच्यांसाठी पाट्या आहेतच. मल्लेशमने दोन दिवस हा हिशेब मांडून पाहिला. दोन्ही दिवस पद्मजाने त्याला समोर बसून जेवायला घातलं.

तिसऱ्या दिवशी त्याने जाल बंद केलं आणि कारखान्यांचं पाणी हौद टाळून थेट ओढ्यात सोडणारं दार उघडलं. दुपारपर्यंत ओढा पूर्वीसारखा तांबडा झाला. काठावर माणसं जमली.

"म्हाताऱ्याला लेक जड झालेली दिसते," कोणी म्हणालं.

"तोडलेल्या रंगापेक्षा अख्खा रंग बरा," मल्लेशम म्हणाला. "तो निदान सांगून येतो." सुरुवातीपासून सगळं त्याने काठावरच सांगितलं, लडीच्या गुणांसकट.

पद्मजा गर्दीत उभी होती. घरी आल्यावर तिने एवढंच विचारलं, "नाना, दोन दिवस तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

"स्निग्धा दोन्ही दिवस पाण्यात होती. निमित्त काढून बोलवलंत तुम्ही, पण ती थोडीच ऐकते."

बॅगा भरल्या गेल्या.

पुढे मालकांना पाणी शुद्ध करायला मुदतवाढ मिळाली. बाईंनी आपली चूक मांडणारा निबंध लिहिला, तो गाजला. मज्जाजालाला नवी शिकवणी लागली, जुने गुण पुसले गेले, आणि त्याला आता काहीच आठवत नाही. मल्लेशमची नोकरी गेली, घर रिकामं झालं, तो पुन्हा भिंतीकडे तोंड करून जेवू लागला. गाव म्हणालं, सगळी किंमत बिचाऱ्या म्हाताऱ्याने मोजली. तसं असतं तर तो सुखाने जेवला असता. नितळ पाण्याची वसुली सुरूच झालेली नव्हती. ती व्हायची होती वीस-पंचवीस वर्षांनी, एकेकाच्या अंगातून. तेव्हा मल्लेशम नसेल, आणि स्निग्धा ऐन तिशीत असेल.