गुहागरचं घड्याळ

१९८८च्या ऑगस्टमध्ये मी रत्नागिरीत, भरती-ओहोटी मोजणाऱ्या एका कचेरीत प्रोग्रामर होते. आमचा एक संगणक मांडवीला, आमच्याच कचेरीत, दुसरा गुहागरजवळ खाडीकाठच्या खोलीत, राखणदार गंगारामकाकांच्या ताब्यात. दोन्ही टेलिफोनच्या तारेनं जोडलेले. भरती कुठे किती आधी पोचते हे कळायला दोन्हीकडची वेळ तंतोतंत जुळायला हवी. त्यासाठी दोन्ही संगणकांत वेळ राखणारं कार्ड होतं, आणि ते थेट वाचणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, मी तीन महिने खपून लिहिला होता.

एका सकाळी सव्वादहाला पडद्यावर दोन्ही घड्याळांतला फरक उतरू लागला. चाळीस मिलिसेकंद. नऊ. दोन. शून्य. मी खुर्चीतून उठलेच. आमचे साहेब, गोपाळकृष्ण बर्वे, चहा विसरून शेजारी येऊन उभे राहिले.

"उमा, पुण्याच्या मुख्य कचेरीला तार करू या," ते म्हणाले. बराच वेळ आम्ही नुसते त्या शून्याकडे बघून हसत होतो.

पावणेअकराला पडद्यावर गुहागरहून ओळ आली. तिच्यावर वेळ होती अकरा वाजून दोन मिनिटं. पुढे लिहिलेलं, 'वीज गेली, बॅटरी चालू.' फरकाच्या रकान्यात मात्र शून्यच.

"घड्याळ पळतंय," साहेब म्हणाले. मलाही तसंच वाटलं.

बरोबर अकरा वाजून दोन मिनिटांनी आमच्या डोक्यावरचा पंखा थांबला.

ओळी सतरा मिनिटं पुढून येत होत्या; खरं सांगते, मला आनंदही झाला. आमचाही संगणक बॅटरीवर चालूच होता; आम्ही एकही ओळ न चुकवता वाचू लागलो.

अकरा चोवीसची ओळ: पाणी तीन मीटर. अकरा पंचवीस: साडेचार.

अकरा सव्वीसची ओळ कोरी. त्यानंतर काहीच नाही.

आमच्याकडे अकरा वाजून नऊ मिनिटं झाली होती.

मी फोन उचलला, गुहागरच्या खोलीचा नंबर लावला. पलीकडे घंटा वाजत राहिली. पुन्हा लावला. पुन्हा.

अकरा सव्वीसला घंटा मधेच तुटली.

दुपारी गुहागरच्या पोस्टातून फोन आला. गंगारामकाका होते.

"बाई, खोली गेली खाडीत. भिंतीसकट. मी वाचलो."

"काका, फोन का नाही घेतलात?"

"घेतला की, साडेधाला. तुमीच म्हणालात, आत्ता भायर पडा. म्हणून तर गावात आलो."

साडेदहाला मी फोनला हातसुद्धा लावला नव्हता.

"आणखी काय म्हणाले मी?"

"रडत होतात, बाई. म्हणालात, गेल्या खेपेस उशीर झाला."